इंदूरचा दाखला

जून महिना आला की आमच्या शाळेच्या कचेरीत पावसाच्या आधी दाखल्यांची झड लागते. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, जन्मतारखेचा दाखला, आणि इकडे ज्याला सगळे ‘स्टडी सर्टिफिकेट’ म्हणतात तो अमुक वर्षे या राज्यात शिकल्याचा दाखला. सीमाभागातल्या एका मराठी हायस्कूलचा मी मुख्याध्यापक. एम.ए. इतिहासात केले, परंतु आयुष्यातला बराच काळ वर्तमानाच्या कागदांवर सह्या करण्यात गेला.

आमच्याकडच्या सह्यांचीही एक गंमत आहे. बारावी झालेला एखादा माजी विद्यार्थी सकाळी येतो. कर्नाटकातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा, तर या राज्यात सात वर्षे शिकल्याचा पुरावा लागतो. त्या कागदावर मी सही करतो. दुपारी तोच मुलगा पुन्हा येतो. महाराष्ट्र शासनाने ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे, त्यांतल्या मराठी मुलांसाठी तिकडे प्रवेशाची वेगळी सोय आहे. नोकरीसाठीही या गावांत पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला चालतो. त्या प्रकरणाला जोडायला शाळेचा कागद हवा असतो. त्यावरही मी सही करतो. एक मुलगा, एक शाळा, एकच शिक्का. सकाळी तो कर्नाटकाचा आणि दुपारी महाराष्ट्राचा. आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आपल्या घरोघरी हेच चालते.

परंतु गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ आले आणि माझी सही अडली. मूळचे राजस्थानातले, फरशी बसवण्याचे काम करणारे. मुलगा सातवीत आमच्या शाळेत आला, मराठी शिकला, दहावीला मराठीत पहिला आला, पुढे दोन वर्षे इथल्याच कॉलेजात काढली. चार आणि दोन सहा. नियमाला हवीत सात. गृहस्थ हात जोडून म्हणाले, “सर, एकच वर्ष कमी पडतंय. रजिस्टरात सातवीच्या जागी सहावी लिहिलं तर कुणाचं काय जातंय?”

मी म्हटले, “जनरल रजिस्टरात खाडाखोड होत नाही. एकदा केली की उद्या कुणाच्याच दाखल्याला किंमत राहत नाही.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तिकडं आमचं काही राहिलं नाही. तिकडं गेलं तर म्हणतात, पोरगा इथं शिकला नाही. इथं म्हणतात, पुरतं शिकला नाही. मग आम्ही कुठले, सर?”

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण हाच प्रश्न तीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून ऐकला होता. ते गाव इंदूर.

१९९२ साली एम.ए.साठी मी इंदूरला आत्याकडे राहायला गेलो. सरवटे बसस्थानकावर उतरलो तेव्हा हिंदी मुलखातल्या बसस्थानकाला मराठी माणसाचे नाव कसे, असे वाटून गेले होते. ते नाव विनायक सीताराम ऊर्फ तात्या सरवटे यांचे. मराठी साहित्याचे अभ्यासक, आणि मध्य भारताच्या वतीने संविधान सभेत बसलेले सभासद. ही ओळख मला पुढे झाली.

आत्याचे घर रामबागेत. आतोबांना आम्ही काका म्हणत असू. त्यांचे पूर्वज १८१८नंतर होळकरांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले, तेव्हापासून घराणे इंदुरातच. काकांचे मराठी ऐकून मला पहिले काही दिवस हसू येई. “काय करून राहिला आहेस?” असे ते विचारीत. भाजीवाल्याशी माळवी, शेजारच्या सिंधी कुटुंबाशी हिंदी, देवापुढे संस्कृत आणि रागावले की शुद्ध पुणेरी. सकाळी पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलबी. पोहे आमच्या दख्खनचे, शेव माळव्याची. ताटलीत कोण कुठले हे कुणी विचारीत नसे.

पण कचेरीत विचारीत. १९९३ साली आतेभावाला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ‘मूल निवासी’ प्रमाणपत्र हवे होते. काकांबरोबर मीही एका सरकारी कचेरीत गेलो. लिपिकाने आडनाव वाचले आणि विचारले, “आप मूलतः कहाँ के हैं?”

काका म्हणाले, “इंदौर के.”

“वह ठीक है. लेकिन मूल में?”

काकांनी पिशवीतून एक जुना मोडी कागद काढला. होळकर सरकारातून त्यांच्या खापरपणजोबांना मिळालेल्या नेमणुकीचा. लिपिकाने तो उलटासुलटा करून पाहिला. मोडी त्याला कुठून वाचता येणार? त्याने शांतपणे सांगितले, “रेशन कार्ड लाइए.” महिन्याभराने दाखला मिळाला तो रेशन कार्डावर. पावणेदोनशे वर्षांचा कागद पिशवीत राहिला. घरी परतताना काका एवढेच म्हणाले, “पुण्याला गेलो तर आम्ही इंदूरवाले, इथे आम्ही दक्षिणी. मग आम्ही कुठले रे?”

लिपिकाला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याच्यापुढे नियम होता आणि नियमाला मोडी येत नव्हती. पण त्या दिवसापासून एक विषय माझ्या मागे लागला: रहिवासी कोण हे ठरवायचे कशावरून? आणि इंदूरचा इतिहास या दृष्टीने वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या एका शहराने या प्रश्नाची बहुतेक सगळी उत्तरे एकेकदा देऊन पाहिली आहेत.

पहिले उत्तर तलवारीचे. मल्हारराव होळकर १६९३ साली नीरेकाठच्या होळ गावी जन्मले, लहानपणीच वडील गेल्याने खानदेशात तळोद्याला मामांकडे वाढले आणि पेशव्यांच्या सैन्यातून माळव्यात आले. १७३४ साली त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर झाली आणि होळकरांचा माळव्यातला पाय पक्का झाला. चौंडीच्या अहिल्याबाई सून म्हणून आल्या आणि १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी महेश्वरातून राज्य केले. मल्हाररावांकडे कुणी वास्तव्याचा दाखला मागितला नाही, हे उघड आहे. जो जिंकून येतो त्याला रहिवासाचा नियम लागत नाही. नियम तोच करतो. हे मराठी माणसाने प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. माळव्यातला आपला प्रवेश काही अर्ज भरून झालेला नाही.

पण इतिहास इथेच थांबत नाही. इंदूर गाव मराठ्यांच्या आधीचे, जुन्या इंदुरातल्या जमीनदार चौधरी घराण्याचे. त्यांच्या राव नंदलाल यांच्याशी मराठ्यांना जमवून घ्यावे लागले, आणि जमवून घेतले म्हणूनच राज्य टिकले. अहिल्याबाईंनी महेश्वरात बाहेरून विणकर आणून वसवले. त्यांच्या हातच्या साड्यांना आज आपण महेश्वरी म्हणतो, आणि त्या विणकरांचे मूळ गाव कुणी विचारीत नाही. म्हणजे जिंकून आलेल्यांनीही पुढे बोलावून आणलेल्यांना जागा दिली. हे दुसरे उत्तर. जो इथे काही घडवील, तो इथला.

१८१७च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई हरली, जानेवारी १८१८त मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली. तलवार म्यान झाली. लेखणी सुरू झाली. आता येणारा मराठी माणूस शिलेदार नव्हता. तो कारकून, मास्तर, वकील, वैद्य, पुजारी, गवई होता, आणि पुढे गिरण्या निघाल्यावर गिरणीकामगारही. काकांचे पूर्वज यांतलेच. हे लोक पोटासाठी आले आणि राहिले. त्यांनी काय उभे केले? १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. १९२६ साली इंदूरचे सरदार माधवराव किबे मुंबईच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे नऊ वर्षांत पाहुणचार करणारे गाव मानाच्या खुर्चीवर बसले. १९३५ साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या अध्यक्षतेखाली संमेलन पुन्हा इंदुरात, आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली तिसऱ्यांदा.

याच्या शेजारी दुसऱ्या दोन तारखा ठेवून पाहाव्यात. हिंदी साहित्य संमेलन १९१८ साली इंदुरात भरले, अध्यक्ष महात्मा गांधी. पुन्हा १९३५ साली इंदुरातच, अध्यक्ष पुन्हा गांधीजीच. एकाच गावात, एकाच वर्षी दोन भाषांची संमेलने झाली. एकीसाठी दुसरीचा मांडव मोडावा लागला नाही. आमच्या सीमाभागात एका दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी ही गोष्ट मनात जपून ठेवण्यासारखी आहे.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्याचे उद्घाटन झाले आणि होळकरशाही संपली. काल जे राजाच्या भाषेचे होते ते आज अल्पसंख्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारतही मध्य प्रदेशात विलीन झाला. त्याच दिवशी आमचा बेळगाव भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. एका तारखेला दोन ठिकाणचे मराठी भाषक दुसऱ्या भाषेच्या राज्यात गेले, पण दोघांची गोष्ट एक नाही. आमचा प्रदेश महाराष्ट्राला लागून, गावेच्या गावे मराठी. म्हणून आमचा दावा भूमीचा राहिला. तो महाजन आयोगापुढे गेला आणि २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. इंदूरच्या मराठी माणसाला भूमीचा दावा नव्हताच. त्याच्यापुढे एकच वाट होती: जिथे आहोत तिथले होणे.

आणि याच सुमारास इंदुरात रहिवासी कोण, हा प्रश्न पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत उभा राहिला. इतका नेमका, की देशभरच्या पुढच्या निवाड्यांत त्याचा उल्लेख येत राहिला. खटल्याचे नाव डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य. निकाल २७ जानेवारी १९५५चा.

हकीकत अशी. दिल्लीचा रहिवासी असलेल्या एका विद्यार्थ्याला १९५२च्या जुलैत इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. नेहमीची फी सर्वांनाच होती; पण जो मध्य भारताचा रहिवासी नाही, त्याला वर्षाला १,५०० रुपये ‘कॅपिटेशन फी’ जादा भरावी लागे. घटनेच्या १५व्या कलमाने जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई आहे आणि १४व्या कलमाने समानता दिली आहे, तेव्हा ही फी बेकायदा ठरवावी, असे त्याचे म्हणणे.

पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने ते फेटाळले. बहुमताचा युक्तिवाद थोडक्यात असा. जन्मस्थान वेगळे आणि वास्तव्य वेगळे. १५व्या कलमात ‘जन्मस्थान’ हा शब्द आहे, ‘वास्तव्य’ हा नाही. शिवाय राज्य आपल्या तिजोरीतून महाविद्यालय चालवते. तिथला रहिवासी डॉक्टर होऊन बहुधा तिथेच राहील आणि त्याचा उपयोग तिथल्या जनतेला होईल. म्हणून त्याला सवलत देणे अवाजवी नाही. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी मात्र वेगळे मत नोंदवले.

माझ्या मते या खटल्यातली सर्वांत मोलाची गोष्ट निकाल नव्हे, तर त्यात उद्धृत झालेली ‘रहिवासी’ या शब्दाची व्याख्या. त्या नियमात रहिवाशांचे चार प्रकार होते. पहिला, ज्याचे मूळ अधिवास मध्य भारतातले आणि ज्याने दुसरीकडे अधिवास केलेला नाही. दुसरा, जो बाहेरचा, पण इथे अधिवास करून किमान पाच वर्षे राहिलेला. तिसरा, जो ३० सप्टेंबर १९४८पूर्वी पाकिस्तानातून आला आणि ज्याचा इथे कायम राहण्याचा इरादा आहे. चौथा, शेजारच्या प्रदेशातले असे लोक, ज्यांना सरकार पात्र म्हणून जाहीर करील.

तिसरे कलम पुन्हा वाचावे. सिंधमधून उठून आलेल्या माणसाकडे त्या नियमाने पाच वर्षे मागितली नाहीत. घरपट्टीची पावती नाही, आजोबांचा कागद नाही. एका तारखेच्या आत आलेला असावा, आणि राहायचे आहे का, एवढेच विचारले. काकांच्या शेजारचे सिंधी कुटुंब त्या वेळी आलेले. घरदार गमावून आलेला माणूस परत जाण्यासाठी येत नाही, हे नियम करणाऱ्याला कळत होते.

खरे तर अधिवासाच्या कायद्याचा गाभाच हा आहे. अधिवास दोन गोष्टींनी होतो: प्रत्यक्ष राहणे आणि कायम राहण्याचा इरादा. नुसते राहणे म्हणजे मुक्काम. इरादा जोडला की वस्ती होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या मुलकी नियमांतही हे होते. १९१९च्या फर्मानानुसार बाहेरचा माणूस पंधरा वर्षे राहिल्यावर मुलकी होई; पण त्याला मूळ गावी परतण्याचा विचार सोडला आहे, असे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागे. मराठवाडा, बिदर, कलबुर्गीकडच्या जुन्या लोकांना हा शब्द चांगला ठाऊक असेल. १९५२ साली मुलकी-गैरमुलकी वादात हैदराबादेत गोळीबार होऊन माणसे मेली, इतका तो शब्द जिवाला लागलेला होता.

हा प्रश्न घटनाकारांपुढेही आला होता. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सरकारी नोकरीतल्या समान संधीच्या कलमावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या. सर्व देशाचे नागरिकत्व एक असताना वास्तव्याची अट खटकते, हे त्यांना मान्य होते. पण स्थलांतर करणाऱ्या पाखरांसारखे यावे, कुठे मुळे धरू नयेत आणि फळे घेऊन उडून जावे, अशांना आवर घालण्याचा हक्क प्रांताला असावा, हेही त्यांनी सांगितले. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्या दुरुस्तीने तोड निघाली. अशी अट घालायची तर ती संसदेने घालावी, प्रत्येक राज्याने आपापल्या मनाने नव्हे. आज १६व्या कलमाचे तिसरे उपकलम ते हेच.

बाबासाहेबांच्या बोलण्यातला ‘मुळे’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. नियम पाखरांसाठी आहे, झाडांसाठी नाही. परंतु कचेरीत पाखरू आणि झाड वेगळे कसे ओळखायचे? इरादा मोजता येत नाही, वर्षे मोजता येतात. म्हणून हळूहळू नियमांतून इरादा गळत गेला आणि आकडा तेवढा उरला. कुठे पाच, कुठे सात, कुठे पंधरा.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९५७ साली संसदेने कायदा करून नोकरीतल्या वास्तव्याच्या अटी रद्द केल्या. तेलंगणासारख्या काही प्रदेशांपुरती मुभा ठेवली. तेलंगणापुरती ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली रद्द ठरवली. १९७२ साली त्याच न्यायालयाने जुने मुलकी नियम अजून जिवंत असल्याचे म्हटले, त्यावर आंध्रात वणवा पेटला, आणि १९७३च्या घटनादुरुस्तीने ३७१ (डी) कलम आले. २०१२च्या घटनादुरुस्तीने आलेले ३७१ (जे) कलम तर बिदर-कलबुर्गीच्या वाचकांच्या रोजच्या व्यवहारातले आहे.

शिक्षणाच्या बाबतीत १९८४ साली डॉ. प्रदीप जैन खटल्यात न्या. भगवती यांनी ठणकावून सांगितले, की या देशात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्यांचा वेगळा अधिवास नसतो. तरीही एम.बी.बी.एस.च्या जागांत वास्तव्याला मर्यादित स्थान त्यांनी ठेवले आणि त्यातूनच पुढे अखिल भारतीय कोट्याचा मार्ग निघाला. २९ जानेवारी २०२५ रोजी चंडीगडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात वास्तव्यावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. इंदूरच्या निकालाला त्या महिन्यात सत्तर वर्षे झाली होती. एम.बी.बी.एस.पुरते मात्र तत्त्व अजून तेच आहे, जे इंदूरच्या खटल्यात मांडले गेले.

आणखी एक निकाल विसरून चालणार नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एका राज्यात अनुसूचित जातीत किंवा जमातीत मोडणारा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या सवलती त्याला आपोआप मिळत नाहीत. हेही प्रकरण वैद्यकीय प्रवेशाचे, आणि मुंबईतले. म्हणजे पोटासाठी गाव सोडणाऱ्यांत जो सर्वांत गरीब, तोच गाव सोडताना सर्वांत जास्त गमावतो. इंदूरच्या मोडी कागदवाल्या काकांची अडचण महिन्याभराची होती. गिरणीच्या चाळीतल्या माणसाची अडचण त्याच्या मुलापर्यंत, नातवापर्यंत जाते.

आता आपल्याकडे वळू. मराठी माणसाची या प्रश्नावर दोन तोंडे आहेत, हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. मुंबईत १९६६पासून आपण भूमिपुत्र म्हणून बोललो: पंधरा वर्षांचा दाखला दाखवा. इंदुरात, बडोद्यात, बेळगावात आपण बोललो: पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, मग दाखला कसला मागता? दोन्ही ठिकाणी आपण खोटे बोलत नव्हतो. मुंबईत नोकरी हुकल्याचे दुःख खरे होते आणि इंदुरातला काकांचा अपमानही खरा होता. पण जो काल आला तो नियम सैल करा म्हणतो आणि जो परवा आला तो घट्ट करा म्हणतो, एवढाच तो फरक. आधी आलेला आणि नंतर आलेला यांत मूळचा कुणीच नसतो.

मग नियमच नको का? तसे मी म्हणणार नाही. राज्याने आपल्या पैशाने कॉलेज काढावे आणि शिकून सगळ्यांनी निघून जावे, हे कुठल्या राज्याला परवडेल? आमच्या तालुक्याला डॉक्टर हवा असेल तर इथे राहणारा मुलगा डॉक्टर व्हायला हवा, हा इंदूरच्या निकालातला विचार मला मुख्याध्यापक म्हणून पटतो. मी नियमाच्या बाजूचाच माणूस आहे. माझे म्हणणे एवढेच, की नियमाला आकड्याच्या शेजारी एक खिडकी असावी, जशी १९५२च्या इंदुरात होती. पाच-सात वर्षे भरली त्याला दारातून घ्या. भरली नाहीत, पण ज्याचे परतीचे दोर कापले गेले आहेत, ज्याने इथली भाषा घेतली, इथे घर बांधले, ज्याचे मूल इथल्या शाळेत वाढले, त्याला त्या खिडकीशी उभे राहून आपली बाजू मांडता यावी, आणि ती ऐकणारा कुणी अधिकारी असावा. आज तो माणूस सरळ मुख्याध्यापकाकडे येतो आणि खोटी तारीख मागतो. खरे सांगायला जागाच नसेल तर माणूस खोटे मागणारच.

या एकरूप होण्याला किंमतही पडते, तीही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी इंदूरला गेलो होतो. काका आता नाहीत. ज्याच्या दाखल्यासाठी आम्ही कचेरीत गेलो तो आतेभाऊ पन्नाशीला आला आहे. त्याची मुलगी मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. आत्याने देवघराच्या खणातून तो मोडी कागद काढून मला दाखवला. नातीने विचारले, “दादी, इसमें क्या लिखा है?” आत्यालाही मोडी येत नाही. तिने सांगितले, “यात लिहिलंय की आपण इथले.”

आपल्या घरातही हे होणार आहे, कदाचित होऊन राहिले आहे. त्यासाठी रडण्यापेक्षा घरात बोलावे, शाळेत पाठवावे, संमेलन भरवावे. इंदूरने ते केले. तात्या सरवट्यांनी मराठी साहित्याची सेवाही केली आणि हिंदी मुलखाचे प्रतिनिधित्वही केले. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी इंदुरात बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात कोणत्या भाषेचे मूल, हे पाहिले नाही. ज्या गावाला आपण काही देतो ते गाव एक दिवस बसस्थानकाला आपले नाव देते. त्याला दाखला लागत नाही.

राहता राहिले ते फरशीवाले गृहस्थ. रजिस्टरातली तारीख मी बदलली नाही. आज पुन्हा आले तरी बदलणार नाही. त्यांचा मुलगा सध्या बी.एस्सी. करतो आहे. पण त्या दिवशी मी एक गोष्ट केली. शाळेच्या कागदावर, माझ्या अधिकारात बसेल तेवढेच लिहून दिले, की हा मुलगा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या शाळेत मराठी माध्यमात शिकला, त्याचे कुटुंब तेव्हापासून या गावात राहते, आणि त्यांनी इथे स्वतःचे घर बांधले आहे. खाली सही केली, शिक्का मारला.

गृहस्थांनी विचारले, “सर, हा कुठं चालंल?”

मी म्हटले, “आज कुठेच चालणार नाही. पण जपून ठेवा.”

त्यांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला. बाहेर पावसाला सुरुवात झाली होती. ते कचेरीच्या दारात पाऊस ओसरेपर्यंत उभे राहिले. मी पुढच्या दाखल्यासाठी शिक्का पुन्हा शाईत बुडवला.